सिगारच्या पेटीतली पुडी

ॲल्रॉय आणि शत्रुघ्न म्हात्रे यांची ओळख मालवाहू जहाजावर झाली. ॲल्रॉय अधिकाऱ्यांच्या जेवणाचं बघायचा, शत्रुघ्न इंजिनात होता. त्या जहाजावर मराठी बोलणारे हे दोघेच, त्यामुळे आधी बोलणं जुळलं आणि मग बाकी सगळं. निवृत्त झाल्यावर शत्रुघ्न कामणला, खाडीकाठच्या आपल्या शेतावर परतला. ॲल्रॉय बायकोला, कॅथरिनला घेऊन बोळिंजच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला.

ॲल्रॉयकडे सिगारची एक लाकडी पेटी होती. शेवटच्या सफरीत कुठल्याशा बंदरावर हौसेनं घेतलेली. रोज ओढणाऱ्यांतला तो नव्हता. नाताळच्या आठवड्यात पेटी काखेत मारून कामणला यायचा, दोघं बांधावर बसून एकेक सिगार ओढायचे, आणि पेटी परत कपाटात जायची. पण वर्षभर तो तिची निगा राखायचा. पेटीत तळहाताएवढी एक तपकिरी पुडी असायची. आतली हवा कोरडी पडली की ही पुडी तिला ओल द्यायची, हवा फार दमट झाली की जास्तीची ओल शोषून घ्यायची. ॲल्रॉय अधूनमधून ती बोटांनी दाबून बघायचा. मऊ लागली तर ठीक. कडक लागली की नवी टाकायचा.

“पोरांना एवढं जपलं नाहीस,” कॅथरिन म्हणायची.

गेल्या गणपतीच्या सुमाराला ॲल्रॉयला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात आणि पाय लुळे पडले आणि बोलणं गेलं. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर त्याच्या खोलीत दिवसरात्र एसी चालू ठेवला, कारण उकाडा त्याला सहन होत नव्हता. शत्रुघ्न दर रविवारी भेटायला जायचा, शेजारी बसून भाताची, मासळीची, गावातली काही ना काही गोष्ट सांगायचा. ॲल्रॉय छताकडे बघत राहायचा.

एका रविवारी त्याने डाव्या हाताने शत्रुघ्नचं मनगट धरलं.

“पु... पुडी.”

कॅथरिन धावत आली. “सकाळपासून हेच चाललंय. औषधाची पुडी दाखवली, चहाची दाखवली, खडीसाखर दाखवली. प्रत्येकाला नाही म्हणतो आणि रडतो. काय हवंय याला, शत्रुघ्नभाऊ?”

शत्रुघ्न क्षणभर गोंधळला. मग ॲल्रॉयची नजर कुठे आहे ते त्याने पाहिलं. ती कपाटावर होती.

“वहिनी, सिगारची पेटी कुठाय?”

कॅथरिनचा चेहरा एकदम बदलला. तिने कपाट उघडलं आणि पेटी काढून धाडकन टेबलावर ठेवली. “हीच ना? कचऱ्यातच टाकणार होते मी. डॉक्टरांनी तंबाखूचं नावसुद्धा काढू नका म्हणून सांगितलंय. आणि याला अजून हीच हवी?”

ॲल्रॉयने डोळे मिटून घेतले.

“टाकू नका,” शत्रुघ्न म्हणाला. “मी नेतो. माझ्याकडे राहू दे.”

“न्या. माझ्या डोळ्यांसमोर नको.”

घरी येऊन त्याने पेटी उघडली. पुडी पापडासारखी कडक झाली होती. एक सिगार उचलली तर वरचं पान कुरकुरलं. एसीने सगळी ओल ओढून घेतली होती. आता काय करावं ते त्याला कळेना. बायको, भागूबाई, शेजारी येऊन बसली.

“पानच हाय ना तां? खाऊची पाना आपून कशी ठेवतो? फडक्यावर पानी शिंपरा नि त्यान गुंडालून ठेवा.”

शत्रुघ्नला ते पटलं. त्याने ओलं फडकं आत घातलं आणि झाकण लावलं. आठवड्याने उघडलं तेव्हा वरच्या सिगार फुगून उकलल्या होत्या आणि त्यांच्यावर पांढरी लव आली होती.

तो पेटी मांडीवर घेऊन तसाच ओटीवर बसून राहिला. संध्याकाळी सून रोशनी कामावरून आली. ती कामणच्याच एका गोदामात स्टॉकचं काम बघायची.

“काय झालं, बाबा?”

“माझ्या हातानं घालवल्या गं. एवढी वर्षं त्यानं सांभाळल्या.”

रोशनीने ओढणीचं टोक नाकाला लावून पेटीत डोकावलं. मग मोबाइलवर बराच वेळ काहीतरी वाचत बसली. तिलाही यातलं काही माहीत नव्हतं. “बुरशी आलेल्या फेकायच्या. खालच्या चांगल्या दिसतायत. पण लाकडाची पेटी नको, घट्ट झाकणाचा डबा हवा. आणि त्या पुड्या ऑनलाइन मिळतात, मागवते. यात लिहिलंय की ओल हळूहळू द्यायची, एकदम दिली की फुटतात.” मग ती थांबली. “बाबा, पण खरं सांगू? आजारी माणसासाठी तुम्ही हे जपताय ते मला बरं वाटत नाही.”

“मलाही कुठं बरं वाटतंय,” शत्रुघ्न म्हणाला. “पण त्याच्या तोंडून एवढा एकच शब्द निघालाय. तो मी कचऱ्यात टाकू?”

रोशनीने पुड्या मागवल्या.

त्या आल्यावर पुढच्या रविवारी शत्रुघ्न नवा डबा पिशवीत घालून बोळिंजला गेला. त्याने तो ॲल्रॉयच्या अंथरुणावर ठेवला आणि काही न लपवता झालेलं सांगितलं. पुडी कडक झाली होती, ओलं फडकं घातलं, बुरशी आली, निम्म्या गेल्या.

ॲल्रॉय त्याच्याकडे टक लावून बघत होता. त्याचा चेहरा लाल झाला, ओठ थरथरले.

“गाढवा!” तो ओरडला. “ओलं फडकं?”

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. कॅथरिन ओल्या हातांनीच दारात आली. “काय म्हणाला? शत्रुघ्नभाऊ, काय म्हणाला तो?”

“मला गाढव म्हणाला, वहिनी.”

“जेजू!” तिने येशूचा धावा केला आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. हसत होती की रडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. ॲल्रॉय मात्र तिच्याकडे बघतच नव्हता. डब्यातली नवी पुडी त्याला हवी होती. शत्रुघ्नने ती त्याच्या डाव्या हातात दिली. त्याने ती उजव्या तळहातावर ठेवली आणि त्या हाताची बोटं वाकवायचा प्रयत्न करू लागला. अंगठा किंचित हलला.

त्याला व्यायाम शिकवायला आर्या नावाची फिजिओ यायची. तिने दिलेला रबरी चेंडू ॲल्रॉय दरवेळी पलंगाखाली टाकून द्यायचा. दुसऱ्या दिवशी कॅथरिनने तिला पुडीबद्दल सांगितलं.

“मग चेंडू राहू दे,” आर्या हसून म्हणाली. “अंकल, पुडी दाबायची. मऊ आहे की कडक, ते मला सांगायचं.”

पुढे तिने सिगारही कामाला लावल्या. खालच्या वर, वरच्या खाली, एकेक अलगद उचलायची. पहिली ॲल्रॉयच्या बोटांत चुरडली. त्याने डबा ढकलून दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. दोन दिवस कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कॅथरिननेच डबा उघडून त्याच्यासमोर धरला. वासाने तिने नाक मुरडलं, पण डबा खाली ठेवला नाही.

त्या रविवारी शत्रुघ्नला लिफ्टपर्यंत सोडायला ती बाहेर आली.

“मला भीती वाटते. हात चालायला लागला आणि यानं एखादी पेटवली तर?”

“मी असताना नाही पेटवणार.”

“तुमच्याबरोबरच तर ओढायचा.”

“म्हणूनच सांगतो, वहिनी. त्याला हवी असली तरी मी देणार नाही.”

कॅथरिनने मान डोलावली. डबा मात्र त्या दिवसापासून तिने आपल्या ताब्यात ठेवला.

उजवा हात पूर्ण सुधारला नाही. पण डिसेंबरपर्यंत ॲल्रॉय सिगार न चुरडता उचलू लागला, काठी घेऊन चालू लागला, आणि छोटी छोटी वाक्यं बोलू लागला. नाताळनंतर त्याने कामणला जायचा हट्ट धरला. कॅथरिन त्याला रिक्षाने घेऊन आली. भागूबाईने बांधावर दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, तिसरी तिने घाईने आणली.

ॲल्रॉयने डबा उघडला. बराच वेळ निवड करून त्याने एक सिगार उजव्या हाताने उचलली, नाकाखाली धरली आणि शत्रुघ्नपुढे केली.

“घे.”

“एकटा नाही ओढणार मी.”

“ओढ. मी बघतो. कशी... झालीय.”

शत्रुघ्नने कॅथरिनकडे पाहिलं. तिने मान डोलावली. तेव्हा त्याने खाडीकडे तोंड करून वारा कुठून येतोय ते पाहिलं, आपली खुर्ची उचलून पार पलीकडच्या टोकाला नेली, धूर ॲल्रॉयच्या अंगावर जाणार नाही अशा बेताने. मग सिगार पेटवली.

“कशी आहे?” ॲल्रॉयने लांबूनच विचारलं.

“चांगली आहे. एकसारखी जळतेय.”

“खरं सांग.”

“जराशी कडवट लागते.”

ॲल्रॉय समाधानाने मागे रेलला. “पहिल्यापासून... कडवटच होत्या,” तो म्हणाला. कॅथरिन मोठ्याने हसली.

अर्ध्यावर शत्रुघ्नने सिगार मातीत विझवली. घरातून भागूबाई जेवायला हाका मारत होती. ॲल्रॉयने काठी कॅथरिनकडे दिली, शत्रुघ्न जवळ येईपर्यंत थांबला, आणि त्याच्या खांद्यावर उजवा हात टेकून उठला.