ऑर्गंडीची चौकट

शालिग्राम मास्तरांनी फळ्याच्या खिळ्याला एक रुमाल अडकवला आणि इतका वेळ कलकलणाऱ्या चौदा बाया एकदम गप्प झाल्या.

रुमालावर मोर होता. अंग हिरवंगार, सपाट, कुठं म्हणून डाग नाही. पिसाऱ्यावर केसाएवढ्या बारीक काळ्या रेघा. आणि चहूबाजूंनी लाल वेलीची जाडजूड किनार.

"सांगा बरं, हा कशानं छापला?"

"लाकडी ठशानं," किन्हीराजा गावच्या गोजराबाई म्हणाल्या.

"लिनोलियमच्या ठप्प्यानं," मागून कुणीतरी म्हणालं.

मास्तर हसले. "दोन्ही बरोबर. किनार ठशाची, रेघा ठप्प्याच्या, आणि हे हिरवं अंग पडद्यातून उतरलेलं. सहा दिवस तुम्ही ठसा आणि ठप्पा शिकलात. आज पडदा शिकायचा, आणि उरलेल्या तीन दिवसांत तिघांचं लग्न लावून द्यायचं."

"तिघांचं?" गोजराबाईंनी डोळे मोठे केले. "मास्तर, आमच्या गावात दोघांचंच धड निभत नाही!"

सगळ्या खदखदून हसल्या. हसली नाही ती एकटी कंचनबाई. ती त्या रुमालापुढून हललीच नव्हती.

चौऱ्याहत्तर सालचा मे महिना. अकोल्याकडच्या मालेगावातल्या शाळेला सुट्टी लागलेली, आणि महिला मंडळानं अकोल्याहून मास्तर बोलावून दहा दिवसांचा छपाईचा वर्ग ठेवलेला. कंचनबाई ज्ञानचंद कापडवाल्यांची बायको. बोलणं इतकं हळू की दुकानातलं गिऱ्हाईक दोनदा विचारी. पण वर्गाला नाव घातलं ते तिनं स्वतः. वर्ग शनिवारी संपत होता, रविवारी श्रुतपंचमी होती. त्या दिवशी जैन मंदिरातली शास्त्रं बाहेर काढून, ऊन दाखवून, नव्या कापडात बांधतात. तिथल्या एका जुन्या हस्तलिखिताचं वेष्टन पार विटलं होतं. "यंदा त्याचं वेष्टन माझ्या हातचं," असं ती मंदिरात सगळ्यांसमोर बोलून बसली होती. जन्मात पहिल्यांदाच ती एवढं मोठ्यानं बोलली असेल.

आणि आता तिला ते वेष्टन दिसलं. मधोमध पिवळं कमळ, पडद्याचं. भोवती लाल किनार, ठशाची. पाकळ्यांवर निळ्या रेघा, ठप्प्याच्या.

मास्तरांनी एक लाकडी चौकट टेबलावर ठेवली. तिच्यावर कापड ताणून बसवलेलं. कापडाखाली कापलेला कागद. कागदाला जिथं भोक तिथूनच रंग खाली जाणार. वर रंग ओतून त्यांनी रबराची पट्टी एकदा ओढली, चौकट उचलली. खाली गोल सूर्य उगवलेला!

"म्हंजे गाळणंच हे!" कंचनबाईच्या तोंडून निघून गेलं.

"अगदी बरोबर. रंगाचं गाळणं. या बाई, ओढून पाहा. सांभाळून मात्र, रेशीम आहे."

पट्टीकडे गेलेला तिचा हात तसाच मागे आला.

शिरपूरला पार्श्वनाथापुढे तिनं नियम घेतला होता, त्याला अकरा वर्षं झाली. कोशातले जीव उकळून जे कापड निघतं ते नेसायचं नाही, वापरायचं नाही. लग्नातला शालूसुद्धा तिनं नणंदेला देऊन टाकला होता.

"मास्तर, मले चालत नाही ते."

मास्तर चिडले नाहीत. पण टोपी काढून त्यांनी डोकं खाजवलं. "बाई, मी जिथं शिकलो तिथं रेशमावरच शिकलो. साधं कापड ढिलं पडतं. तुम्ही असं करा, ठसा आणि ठप्पा दोनच घ्या. तेवढंही सुंदर होईल."

गोजराबाई शेजारी सरकल्या. "कंचनबाई, आमच्या घरात एकच रेशमी लुगडं. सहा सुना त्याच्यावर बोहल्यावर चढल्या. अन् तुमी देऊन टाकलं! मले सांगाचं होतं व माय!"

कंचनबाईला हसू आलं. पण मन त्या पडद्यातच अडकलं होतं. गाळणंच जर आहे, तर गाळणं काय रेशमाचंच लागतं?

दुसऱ्या दिवशी ती दुकानातून ऑर्गंडीचा तुकडा घेऊन आली. पोरींच्या फ्रॉकाला घेतात ते कापड. सुती, झिरझिरीत आणि कडक. ज्ञानचंदांनी विचारलं, "कोणाचा फ्रॉक?" ती म्हणाली, "कमळाचा."

मास्तरांनी ऑर्गंडी उजेडात धरून पाहिली. "वीण तर बारीक आहे. करून पाहू." खिळे ठोकून दोघांनी ती रिकाम्या चौकटीवर बसवली. कंचनबाईनं कमळाचा कागद कापला, रंग ओतला, पट्टी ओढली. पहिलं कमळ असं उमटलं की गोजराबाईंनी तिच्या पाठीत धपकाच घातला.

दुसरं जरा पसरलं. तिसऱ्याच्या पाकळ्या एकमेकींत मिसळल्या. पाचव्या वेळी कापडाला मधोमध झोळ आला आणि कमळ सोडून सगळं दिसू लागलं.

"याले कमळ म्हणा का भाकर?" गोजराबाई म्हणाल्या, आणि तिचा चेहरा पाहून लगेच जीभ चावली.

शुक्रवारी तिनं खिळे काढून पुन्हा ताणून पाहिलं. पुन्हा झोळ. मास्तर हळूच म्हणाले, "बाई, उद्या चारनंतर टेबल, चौकटी, रंग, सगळं अकोल्याच्या गाडीत चढणार. ठसा आणि ठप्पा करून मोकळ्या व्हा."

शनिवारी सकाळी ती विहिरीवर गेली ती त्याच विचारात. घरात पाणी दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय कुणाच्या ओठाला लागत नसे, आणि गाळणं उलटं करून त्यातले जीव परत विहिरीत सोडल्याशिवाय ती घागर उचलत नसे. सासूबाई अंगुरीबाईंनी पंचमीसाठी नवं गाळणं काढून ठेवलं होतं. कंचनबाईनं तेच घागरीवर बांधलं आणि वरून पाणी ओतलं. पाणी आधी कापडावरच साचलं, मग कापड मधोमध लोंबलं आणि घागरीच्या तोंडात जाऊन बसलं.

"अव कंचन!" अंगुरीबाई ओसरीवरून ओरडल्या. "खळ काढल्याबिगर कोरं गाळणं कोणी बांधते का? लग्नाले अठरा वर्सं झाली तुह्या. तीन पाण्यातून काढाव, ओलंच ताणून बांधाव, मंग ते वाळल्यावर नगाऱ्यावानी बसते. रोज हात रंगवून येतं अन् डोकं तिथंच इसरून येतं!"

कंचनबाई घागरीकडे पाहत राहिली. मग हसायलाच लागली.

"आता हसाले काय झालं?"

"आत्याबाई, मी ऑर्गंडी कोरीच ताणली! दोन्ही खेपा खळीसगट! रंगानं खळ भिजली अन् झोळ आला!"

अंगुरीबाईंना काही कळलं नाही. कंचनबाईनं पाणी भरलं, गाळलं, गाळण्यात राहिलेली जिवाणी विहिरीत सोडली, मंदिरात दर्शन घेतलं, त्यातलं काही चुकवलं नाही. पण मालेगावातल्या लोकांनी त्या दिवशी ज्ञानचंदांच्या बायकोला पहिल्यांदाच जवळजवळ पळताना पाहिलं.

शाळेच्या नळाखाली ऑर्गंडी एकदा धुतली, दोनदा धुतली. पांढरट पाणी निघत राहिलं. तिसऱ्यांदा नितळ आलं.

"गोजराबाई, ओढा!"

"ओढून राह्यली ना!"

"अजून!"

"फाटलं तं मले बोलू नका!"

ओली ऑर्गंडी चौकटीवर ठोकली आणि मेच्या उन्हात ठेवली. पाव तासात ती वाळली. कंचनबाईनं टिचकी मारली. टण्! मास्तर टेबल आवरता आवरता वळले. त्यांनीही एक टिचकी मारली. मग बांधलेला रंगाचा डबा सोडला.

पिवळं कमळ उमटलं. एक, दोन, तीन, चार, सगळी सारखी, पाकळीला पाकळी सोडून. मग तिनं वेष्टनाचा पांढरा मांजरपाट पसरला, श्वास रोखला आणि पट्टी ओढली. कमळ मधोमध बसलं. ते वाळल्यावर लाकडी ठशानं किनार; दर ठशाला मागच्या वेलीचं टोक पुढच्या वेलीला भेटलं पाहिजे. चाळीस ठसे मारून कोपरा वळला तेव्हा कुठे तिनं मान वर केली. चार कधीच वाजून गेले होते, उन्हं कलली होती. गाडी दारात उभी होती, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता.

"वाजवू द्या," मास्तर म्हणाले. "ठप्पा घ्या."

ठप्पा म्हणजे परातीएवढा कोरलेला लिनोलियमचा तुकडा, फळीवर चिकटवलेला. त्याला निळा रंग लावून तो उलटा ठेवायचा आणि वर उभं राहायचं. सगळ्या बाया तशाच छापत आल्या होत्या. कंचनबाईनं डोळे बारीक करून रेघा कमळावर जुळवल्या, ठप्पा टेकवला. गोजराबाईंनी लुगडं सावरून पाय उचलला.

"पाय नको!"

हा आवाज कंचनबाईचा होता, हे कळायला सगळ्यांना एक क्षण लागला. गोजराबाई एका पायावर तशाच थांबल्या.

"शास्त्राचं वेष्टन आहे ते. पाय नाही लावाचा. हातानं दाबू."

"दोघींच्या हातानं एवढा दाब नाही येणार," मास्तर म्हणाले. "आणि हलला तर सगळं गेलं."

"मंग तिसरी बसते."

दारात अंगुरीबाई उभ्या होत्या, हातात डबा. दिवस मावळायच्या आत सुनेनं जेवून घ्यावं म्हणून निघाल्या होत्या. तिथं येऊन कधीपासून पाहत होत्या कोण जाणे. त्यांनी डबा बाकावर ठेवला, पदर खोचला आणि जमिनीवर बसून दोन्ही तळवे ठप्प्यावर ठेवले.

"आत्याबाई, रंग लागंल."

"तू दाब व! बोलतं काय!"

सहा हात एका फळीवर. कंचनबाईनं णमोकार मंत्र म्हणायला घेतला, अंगुरीबाईंनी धरला, आणि गोजराबाई नुसत्याच ओठ हलवत दाबत राहिल्या. नऊदा म्हणून झाल्यावर कंचनबाईनं ठप्पा सरळ वर उचलला.

पिवळ्या कमळाच्या एकेका पाकळीवर निळी रेघ बसली होती. भोवती लाल वेल.

बाहेर भोंगा वाजला. आत कुणाच्या लक्षात आला नाही.

"तिघांचं लागलं व माय लग्न!" गोजराबाई ओरडल्या. मास्तरांनी टोपी काढली आणि ती का काढली हे न समजल्यासारखी पुन्हा घातली.

अंगुरीबाई बराच वेळ कापडाजवळ वाकून पाहत होत्या. मग आपले तळवे त्यांनी उजेडात धरले. दोन्ही निळे.

"हे कवा निघते?"

"चार दिवस तरी राह्यते, आत्याबाई."

"म्हंजे उद्या पंचमीले मी मंदिरात असेच हात घेऊन जाऊ?"

कंचनबाई घाबरून काही बोलणार तोच अंगुरीबाईंनी हनुवटीनं डब्याकडे खूण केली.

"जेव आधी. दिवस बुडायले आला. अन् वेष्टन मी धरीन उद्या. लोकायले दिसू दे हात."