मागचे दोन इंजेक्टर

बायकोला ठेवलं होतं त्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात डिझेलनं माखलेले होते. फोन मेहुण्यानं उचलला. दुरुस्तीला आलेला ट्रक त्याचाच होता, आणि तो माझ्या गॅरेजात एका उलट्या डब्यावर बसून मला घाई करत होता. ऐकून झाल्यावर फोन खिशात ठेवून म्हणाला, "दाजी, हात धुवा." त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं, ती गेली. माझी बायको ही त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं. आता कोणी कोणाला सावरायचं, तेच कळेना. दोघंही हात धुऊन निघालो.

त्या दिवसांबद्दल मी लिहीत नाही. ते ज्याचं त्याला माहीत. मी लिहितोय ते त्याच्या ट्रकबद्दल, कारण पुन्हा कामाला लागल्यावर त्या इंजिनानं मला जो वैताग आणला, तो जन्मात कुठल्या गाडीनं आणला नव्हता.

इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी नळी, जिथं बसतो तिथं त्याच्या बुडाशी तांब्याचा एक वॉशर असतो. अंगठीएवढा. तो नीट बसला तर आतला जाळ आत राहतो. नाही बसला तर गॅस बाहेर येतो, फुस फुस आवाज होतो, इंजेक्टरभोवती डांबरासारखी काजळी साठते आणि केबिनमध्ये बसवत नाही इतका वास येतो. काम किरकोळ आहे. वॉशर बदलायचा, विषय संपला.

मी बदलला. एक फेरी करून मेहुणा परत हजर. "दाजी, फुसफुसतंय."

पुन्हा बदलला. या वेळी सीट, म्हणजे वॉशर टेकतो ती जागा, घासून आरशासारखी केली. परत फुसफुस. इंजेक्टर काढून तपासायला पाठवले, ते धडधाकट निघाले. इंजेक्टर दाबून धरणारे बोल्ट नवे घातले. टॉर्क पान्यानं जोर मोजून आवळले, कंपनी सांगते तेवढेच, ना कमी ना जास्त. परत फुसफुस.

शेवटी स्पेअरपार्टच्या दुकानदाराशी भांडायला गेलो. तो म्हणाला, "आमचे वॉशर सगळीकडे गुण्यागोविंदानं नांदतात. तुमच्याकडेच का रुसून बसतात?"

"हलका माल देतोस, म्हणून."

"मग दुसरीकडून घ्या. पण आधी एकदा स्वतःच्या हाताकडे बघा."

दुसरीकडून घेतले. तेही गेले. हातांकडेही बघितलं, खोटं कशाला सांगू.

मेहुण्याचाही धीर सुटला होता. निम्मा वेळ गाडी माझ्या दारात उभी, धंदा बसलेला. म्हणाला, "गाडीला एक गिऱ्हाईक आलंय. या वेळी काम टिकलं तर ठीक. नाहीतर गाडी विकतो आणि मित्राकडे नोकरीला जातो."

"मित्र कुठं असतो?"

"लांब. रोज येण्यासारखं नाही."

घरात आता मी एकटाच होतो. माझ्या दारात येणारं माणूस तेवढं एकच उरलं होतं, आणि तेही इंजेक्टर गळतो म्हणून येत होतं. मी म्हणालो, "या वेळी टिकेल." कशाच्या जोरावर म्हणालो, देव जाणे.

इंजिन उघडून बराच वेळ नुसता बघत बसलो. सहा इंजेक्टर. गळायचे ते मागचे दोनच. पुढचे चार कधीच नाही. वॉशर तेच, हात तेच, पाना तोच. मग मागच्यांचं वेगळं काय? त्या ट्रकमध्ये इंजिन केबिनमधल्या बसायच्या दोन सीटच्या मधे, झाकणाखाली असतं. पुढचे चार डॅशबोर्डखाली दडलेले, तिथं हात घालायचा तर बरंच काही सोडवावं लागतं. मागचे दोन मात्र झाकण उचललं की समोर. ड्रायव्हरच्या सीटवर बसून हात पोचतो.

मेहुण्याचाच हात लागत असेल, हे मनात आलं तेव्हा मला स्वतःचाच राग आला. तरी बोललो नाही. नवे वॉशर घातले, सहाही बोल्ट मोजून आवळले, आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून इंजेक्टर दाबून धरणाऱ्या खालच्या पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. बोल्ट हलला की रेघ तुटणार.

मेहुणा फेरी करून आला. तोंड पाडून. मी झाकण उचललं. पुढच्या चार रेघा सरळ. मागच्या दोन तुटलेल्या, आणि चांगल्या नखभर सरकलेल्या.

"इंजिनाला हात कोणी लावला?"

"कोणी नाही. मीच."

"का?"

"पहिल्या थांब्यावर जरा आवळतो. हाताला येतील तेवढे."

"गरम इंजिनावर? कोणी सांगितलं तुला?"

"ताईनं."

मी कपाळावर हात मारला. "तिला इंजेक्टर कशाशी खातात हे माहीत नव्हतं."

"इंजेक्टर नाही हो. चाकांचे नट. दर वेळी निघताना सांगायची, पहिल्या थांब्यावर उतर आणि नट आवळून घे. मी हो म्हणायचो आणि झोपायचो. आता आवळतो. पण चाकांचे झाले तरी जिवाला बरं वाटत नाही. मग तुम्ही जे जे काढून बसवलं, तेही आवळतो."

मी त्याला झाड झाड झाडलं. चाकाचा नट धावून सैल होतो, तो आवळावाच लागतो. इंजेक्टरचा बोल्ट मोजून बसवलेला असतो. वर आणखी आवळला की तांबं एका बाजूनं चेपतं आणि गॅसला वाट मिळते. बैलासारखी ताकद लावून वॉशरची भाकरी केलीस, म्हणालो.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे आधी सांगायचंत ना. ती गेल्यापासून तुम्ही माझ्याशी वॉशर सोडून बोललायत काय? आणि वॉशरबद्दलही पुरतं नाही."

मी विचारलं, "गाडी विकणारच आहेस, मग नट कशाला आवळतोस?"

"विकेपर्यंत चाकं जागेवर राहायला नकोत?"

मला हसू आलं, त्यालाही आलं. बऱ्याच दिवसांनी. मग तो आत जाऊन पाणी पिऊन आला आणि इंजिनापाशी माझ्याशेजारी उभा राहिला.

"आता नवे वॉशर घातले की झालं ना?"

मी मागचे दोन इंजेक्टर काढून बॅटरीच्या उजेडात आत बघितलं. आवळून आवळून वॉशरच्या दोन्ही सीट एका बाजूनं खाली बसल्या होत्या. नुसत्या वॉशरनं भागणार नव्हतं.

हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवून त्या दोन सीट कापून सपाट करून घ्यायच्या राहिल्या आहेत. गिऱ्हाइकाला त्यानं अजून काही कळवलेलं नाही, आणि थांब असं मीही त्याला अजून म्हटलेलं नाही.