तोंडाला काळं

मी एक जुनी मुकी फिल्म आहे; पण मित्रांनो, मी गप्प बसणाऱ्यातली नाही. माझा जन्म शंभर वर्षांपूर्वीचा, अमेरिकेतला. माझ्यात एक काळा विनोदी नट आहे. तंबूत नाचगाणी करत तो मोठ्या रंगमंचावर गेला, तिथून सिनेमात आला. हसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तरी त्याच्या मूळच्या काळ्या चेहऱ्यावर जळक्या बुचाची काजळी फासत आणि भुताला भिऊन थरथरणाऱ्या नोकराचंच काम देत. गोऱ्या नटांची नावं माझ्या सुरुवातीला ठळक आहेत. त्याचं कुठेच नाही. याचा मला अजून राग येतो.

पुढे बोलपट आले आणि माझी रवानगी डब्यात झाली. फिरत फिरत मी डहाणूला दशरथ मास्तरांच्या माळ्यावर येऊन पडले. ओल, झुरळं, सगळं सोसलं. २०१७ च्या हिवाळ्यात मास्तरांनी मला पुसलं, कैनाड गावातल्या एका आदिवासी पाड्यावर नेलं आणि चादरीवर दाखवलं.

नोकर थरथरला, सगळे हसले. मग भुताला पाहून मालकच बेशुद्ध पडला. माझा नट त्याच्या खुर्चीत बसला, पायावर पाय टाकला आणि सरळ समोर बघू लागला.

"मास्तर, तो भिला नाय!" पाड्यावरचा शुक्रा ओरडला. "भिण्याचं सोंग करतो!"

इतक्या वर्षांत हे कुणी ओळखलं नव्हतं. मला डोळे असते तर रडूच आलं असतं.

शुक्रा चिकूच्या वाडीत कामाला, नकला करण्यात पटाईत. डहाणूच्या एका नाटकात त्याला भित्र्या आदिवासी नोकराचं काम मिळालं होतं, आयुष्यातलं पहिलं. प्रयोगाच्या दिवशी मास्तरांच्या पिशवीत मीही होते. नाटक बसवणारा दर्शन काळा रंग घेऊन आला.

"अजून काळा दिसायला हवास, शुक्रा. लोक जास्त हसतील."

शुक्राने त्याचा हात धरला. "तोंडाला काळं चोराच्या फासतात, दर्शनभाऊ. मी काय चोरलं?"

"मग तुझं काम दुसऱ्याला देतो!"

"द्या. पन त्याला हसवता आलं पायजे. आन मी केलं, तर माझं नाव सांगायचं."

घंटा झाली. दर्शनने रंगाची डबी खाली ठेवली. पडदा उघडण्याआधी शुक्राचं नाव पुकारलं गेलं.

शुक्रा असा थरथरला की लोकांची हसून पुरेवाट झाली. मग कुणी सांगितलेलं नसताना तो मालकाच्या खुर्चीत बसला, पायावर पाय टाकला आणि समोर बघू लागला. हसणं थांबलं. मागे बसलेल्या पाड्यावरच्या माणसांनी टाळ्या सुरू केल्या.

मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका. मला अधूनमधून दाखवत जा. माझा नट थरथरला की खुशाल हसा, त्याची ती कलाच आहे. पण तो पायावर पाय टाकून तुमच्याकडे बघेल, तेव्हा नजर वळवू नका.