वहीतलं ‘काही नाही’

मी बाक बोलतोय. जरा डुगडुगत बोलतोय, तेवढं सांभाळून घ्या. भांडुपच्या सुताराने मला घाईत बनवलं आणि माझा एक पाय आखूड राहिला. आधी मी एका दातांच्या दवाखान्यात होतो. तिथे माणसं गाल धरून गप्प बसायची. आता मुलुंडला, उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या केंद्रात आहे. मुलं आत शब्द शिकतात, बाहेर माझ्यावर त्यांच्या आया बसतात. त्यांचे पाय सारखे हलतात, मग मला तरी कुठली चैन!

या आया ‘आशा’ हा शब्द कधी उच्चारत नाहीत. ‘बघू’ म्हणतात. ‘हिची आत्याही उशिराच बोलली’ म्हणतात. आणि खरंच काही चांगलं घडलं, की आवाज एकदम खाली.

पंधरा दिवसांपूर्वी सुलक्षणा शेजारच्या अनुपमाच्या कानाशी लागली. “गार्गी ‘पाणी’ म्हणाली गं! कोणाक सांगू नको हां, दृष्ट लागते.” तिची चार वर्षांची पोर पहिल्यांदा बोलली होती. मला केवढा आनंद झाला! पण मूल घरी काय बोललं ते लिहायच्या वहीत सुलक्षणाने ‘काही नाही’ असंच लिहिलं. पुढच्या आठवड्यातही तेच. मला तिचा रागच आला. अगं, शिकवणाऱ्या मॅडमची कसली दृष्ट लागतेय?

आज शुभा मॅडम ती वही घेऊन बाहेर आल्या. “सहा महिन्यांत एक शब्द नाही. गार्गीची वेळ आता दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल.”

सुलक्षणाचा चेहरा उतरला. अनुपमाने तिला कोपराने ढोसलं. “सांग ना यार! आता नाही तर कधी?”

“मॅडम, ती बोलते. रोज ‘पाणी’ म्हणते. मीच लपवलं,” सुलक्षणा रडत म्हणाली.

मॅडमनी गार्गीला बाहेर बोलावलं आणि तिच्यापुढे पाण्याचा पेला धरला. “हे काय गं?”

गार्गीने पेल्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. मॅडमनी दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. माझा जीव नुसता वरखाली होत होता.

“लागली दृष्ट,” सुलक्षणा पुटपुटली.

“दृष्ट कसली, लाजतेय ती. एक महिना देते. पण आता वहीत खरं लिहायचं.” मग मॅडम बाकीच्यांकडे वळल्या. “आणखी कोणी काही लपवलंय?”

मग अनुपमा हळूच म्हणाली, “आमचा धवल दोन शब्द जोडतो. आठवडा झाला.” ओढणीचं टोक चाळवत पलीकडची दीप्ती म्हणाली, “आमचा प्रांजल आजोबांना हाक मारतो.”

मॅडमनी कपाळावर हात मारला.

बायांनो, माझं एवढंच ऐका. काळज्या मोठ्याने सांगता, तसं हेही मोठ्याने सांगत जा. गार्गीला मांडीवर घेऊन सुलक्षणा अजून बसली आहे. लेकीला काही विचारत नाही, नुसती तिच्या तोंडाकडे बघतेय. आणि घरी जायची वेळ झाली, तरी ते ‘पाणी’ ऐकायला थांबल्यासारखी एकही आई उठत नाही.