हुकांच्या कारखान्यातली वाकड्या नाकाची किटली

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची किटली आहे आणि माझे नाक वाकडे आहे. कॉफी मात्र त्यातून अगदी सरळ पडते, हे आधीच सांगून ठेवते. नंतर कुणी हसायला नको.

एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. स्वीडनमधल्या स्मोलांडच्या जंगलातल्या गावात आल्गोत नावाच्या माणसाने रिकाम्या गोठ्यात कोट टांगायचे हुक करायला सुरुवात केली, तेव्हा मला तिथल्या चुलीवर जागा मिळाली. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला यंत्रे थांबत आणि सगळे माझ्याभोवती बसत. नवे यंत्र घ्यायचे की नाही, कुणाला कोणते काम शिकवायचे, सारे तिथेच ठरे. पहिल्या यंत्राला रोज पुरेल इतके काम असल्याशिवाय आल्गोतने दुसरे घेतले नाही. कारखाना वाढला, पण कुणाची दमछाक झाली नाही.

रस्त्यापलीकडे सिक्स्टेनचाही हुकांचाच कारखाना होता. बाजारात दोघे एकमेकांची गिऱ्हाइके पळवत. पण एकाचा साचा मोडला की दुसरा आपला काढून देई आणि वर कॉफीही पाजी. आमच्या गावात हे असेच चालते. मी दोघांचीही खूप लाडकी होते.

पुढे आल्गोत थकला आणि त्याची मुलगी गुनिल्ला कारखाना बघू लागली. पोरगी कामाला वाघीण! स्टॉकहोमच्या एका मोठ्या दुकानाने नाताळच्या आत ढीगभर हुक मागितले, तेव्हा तिने कुणालाही न विचारता फोनवरच हो म्हटले. मग वेळ पुरेना. तिने कॉफीची सुट्टी बंद केली, बोळात कॉफीचे विजेचे यंत्र आणून ठेवले आणि जो तो कागदी पेल्यातून उभ्या उभ्या कॉफी पिऊ लागला. मला फळीवर चढवून माझ्या पोटात स्क्रू भरले. मित्रांनो, मला फार वाईट वाटले. थकलेल्या हातांचे हुक वाकडे येऊ लागले. सर्वांत जुनी कामगार मार्गिट तर काम सोडायच्या गोष्टी करू लागली. हुक वेळेत गेले नाहीत, तर कारखान्याला टाळे लागणार होते. गुनिल्लाला हे कळत होते, पण शेजाऱ्याकडे हात पसरायची तिला लाज वाटत होती.

अशात एके दुपारी सिक्स्टेन उसनी नेलेली पक्कड परत द्यायला आला. हातात कागदी पेला मिळाल्यावर त्याचा चेहरा असा झाला की काय सांगू! त्याने मला खाली उतरवले, स्क्रू ओतले, घासले आणि चुलीवर चढवले. वासासरशी सगळे जमले. मार्गिटने डब्यातले वेलदोड्याचे बन काढले. गुनिल्ला रागावूनच आली, पण कॉफी पाहून बसली.

ताटलीत शेवटचा बन उरला. तो अख्खा उचलणे आमच्याकडे असभ्यपणाचे. एकाने अर्धा कापून घेतला, गुनिल्लाने उरलेल्याचा अर्धा, मग आणखी कुणी त्याचा अर्धा. शेवटी ताटलीत बोटाएवढा तुकडा राहिला.

सिक्स्टेन म्हणाला, "पोरी, बन अर्धा घेतेस आणि ऑर्डर तेवढी अख्खी उचलतेस?"

गुनिल्लाच्या डोळ्यांत पाणी आले. "मागायला तोंड उघडेना रे," ती म्हणाली. "तू माझं गिऱ्हाईक नेशील, असंही वाटलं."

"नेईन की, पण नाताळनंतर! सध्या माझी दोन यंत्रं नुसती झोपा काढतायत. उद्या हुकांची तार माझ्याकडे पाठव, मी वाकवून देतो."

सगळे खो खो हसले आणि मार्गिटने मला पुन्हा भरले. हुक वेळेत गेले. पुढच्या वर्षी दुकानाने दुप्पट माल मागितला. गुनिल्लाने आधी सगळ्यांना माझ्याभोवती बसवले आणि झेपेल तेवढ्यालाच हो म्हटले. त्या वर्षी आमच्याकडे दोन नवी माणसे कामाला आली. मला दोन पेले जास्त भरावे लागतात आणि त्याचा मला केवढा आनंद आहे!

परवा सिक्स्टेन दारात येऊन उगाच हवापाण्याचे बोलत राहिला. त्याचे मोठे यंत्र बंद पडले होते, पण मदत मागायला त्याची जीभ रेटेना. गुनिल्लाने काही विचारले नाही. मला चुलीवर ठेवले, त्याच्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बस. आमचं कोणतं यंत्र हवंय ते सांग."

मित्रांनो, मला घासून-पुसून कपाटात मांडू नका. मला रोज उकळू द्या, आणि शेजाऱ्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवा.