न्हाणीतल्या दगडाला पॉलिश

मित्रांनो, नाशिकला सिडकोतल्या आमच्या घरी कधी आलात, तर न्हाणीघर बघायला तुम्हाला नक्की नेतील. पाहुण्यांना सगळ्यात आधी तेच दाखवतात. छतापर्यंत पांढऱ्या टाइल्स, शॉवर, गिझर, नवं दार. तुम्ही मात्र खाली बघा. नळाखाली एक काळा, चौकोनी, आरशासारखा चमकणारा दगड दिसेल. तो मी. माझ्या चमकेचं कौतुक तेवढं करू नका. ते मला सहन होत नाही.

सारूळच्या खाणीतला मी काळा पाषाण. पाथरवटाने मला दोन हात लांब, दीड हात रुंद असा घडवला आणि मग छिन्नी-हातोडी घेऊन माझ्या पाठीवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या खाचा पाडल्या. याला टाकी लावणं म्हणतात. दुखलं खूप. पण माझी सगळी विद्या त्या खाचांतच होती. साबणाचा ओला पाय माझ्यावर पडला, की मी त्याला धरून ठेवायचो. दुसरं काही मला येत नव्हतं.

सातपूरच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या चिमाजींनी मला टेम्पोत घालून घरी आणलं. त्यांचं नवं लग्न, दोन खोल्यांचं नवं घर. त्यांची बायको वत्सलाबाई बजावून म्हणाली होती, "न्हाणीला फरशी नको हं. दगडच पाहिजे. बसता येतं, घासता येतं, कपडेही निघतात."

तेव्हापासून मी तिचा झालो. ती रोज नारळाच्या शेंडीने मला घासायची. तरीही वर्ष-दीड वर्षात साबणाने आणि पायांनी माझ्या खाचा झिजायच्या. मग गल्लीत हाक यायची, "टाकीऽऽ लावायची का, पाट्याला, जात्यालाऽऽ!" ती गोजराबाई. डोक्यावर छिन्नी-हातोडीची पाटी घेऊन हिंडायची. माझ्यावर तळवा फिरवून म्हणायची, "लय गुळगुळीत झाला वं बाई. उशीर केला."

"तूच उशिरा आलीस आणि मलाच बोल लावतेस? ठोक आता. चहा टाकते."

टक्‌ टक्‌ टक्‌. तासाभरात मी पुन्हा खडबडीत, पुन्हा कामाचा.

माझ्यावर बसून, पाय पसरून वत्सलाबाईने योगेशला, आपल्या मुलाला न्हाऊ घातलं. तीस वर्षांनी त्याच पायांवर योगेशची मुलगी योगिनी आली, तेलाने माखलेली, मासोळीसारखी वळवळणारी. तिची आई तेजस्विनी दारात जीव मुठीत धरून उभी राहायची.

"आई, निसटेल हो ती!"

"अगं, तुझा नवरा नाही निसटला, तर ही कुठली निसटते!"

चिमाजी गेले. वत्सलाबाईचे गुडघे गेले. ती बाकी सगळं सोडत गेली, पोळ्या सोडल्या, बाजार सोडला, पण एका गोष्टीवर अडून होती. "माझी आंघोळ माझी मी करणार." तिने स्वतःच्या सासूला चार वर्षं खाटेवर आंघोळ घातली होती. पहिला तांब्या अंगावर पडला की ती म्हातारी डोळे मिटून घ्यायची आणि अंग पुसून होईपर्यंत उघडायची नाही. ते मिटलेले डोळे वत्सलाबाई विसरली नव्हती. माझ्यावर बसून, आतून कडी लावून, हळू आवाजात काहीतरी गुणगुणत ती न्हायची. तो अर्धा तास तिचा होता.

मागच्या वर्षी न्हाणीघर नवं करायचं ठरलं. ते खोटं नव्हतं. भिंतीला ओल आली होती, पोपडे पडत होते, मोरीचं पाणी तुंबत होतं. तेजस्विनी म्हणाली, "दगडही काढून टाकू या. खाली घाण साठते." योगेश म्हणाला, "आईचा दगड हलणार नाही." मित्रांनो, त्या दिवशी मी इतका फुगलो, की आता आठवलं तरी लाज वाटते.

धुळीचा त्रास नको म्हणून वत्सलाबाईला नांदगावला तिच्या बहिणीकडे, कुसाबाईकडे धाडलं. ज्याच्या पायासाठी मी होतो, तेच माणूस घरात नव्हतं. दत्तू मिस्त्रीने टाइल्स लावून झाल्यावर माझ्याकडे बघून नाक मुरडलं.

"दादा, एवढी भारी बाथरूम आणि मधेच हा खडबडीत? मशीन मारू का? ग्रॅनाइट लाजेल बघा."

योगेशचे डोळे चमकले. "मारा. आईला काही सांगायचं नाही. आल्यावर बघू दे तिला."

दोन तास ते मशीन माझ्या पाठीवर फिरत होतं. गोजराबाईने इतक्या वर्षांत ठोकलेलं सगळं करड्या चिखलासारखं वाहत नव्या जाळीतून मोरीत गेलं. मला कुणी फेकलं नव्हतं, मला सजवलं होतं. तक्रार तरी कुणाकडे करायची?

वत्सलाबाई परत आली, तेव्हा सगळे न्हाणीच्या दारात जमले.

"आई, ओळख बघू हा कोण!"

तिने पाय ठेवला. अंगठा माझ्यावरून हळूच ओढला. "याच्या खाचा रे?"

योगेशचा चेहरा पडला. "पॉलिश केलं गं. तुझाच दगड आहे, फेकला नाही."

तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, "छान झालाय. तोंड दिसतंय त्यात."

सगळे हसले. मी तिच्या पायाखाली होतो. तिची दहाही बोटं आवळलेली होती, हे फक्त मला कळत होतं.

रोज सकाळी ती एका हाताने नळ धरायची, दुसऱ्याने टाइल चाचपायची. गुणगुणणं थांबलं. मी जीव तोडून तिचे पाय धरायला बघायचो, पण धरायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात गल्लीत हाक आली. वत्सलाबाई लगबगीने दारात गेली आणि गोजराबाईला आत घेऊन आली.

"आई, अहो आत्ताच तर पॉलिश केलंय," तेजस्विनी म्हणाली.

"थोड्याच खाचा गं. पाय ठेवण्यापुरत्या."

"योगेशला किती वाईट वाटेल. एवढ्या हौसेनं केलंय त्यानं. दिवाळीनंतर बघू ना. तोवर मी रबरी मॅट आणते."

गोजराबाईने माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावला. "आरशावर बसून कोण न्हातं वं माय?" आणि पाटी उचलून ती गेली. तिच्या पाठीवरची नजर वत्सलाबाईने किती तरी वेळ काढली नाही.

मॅट आणायची राहिली. कुणी मुद्दाम राहू दिली नाही. योगिनीची परीक्षा होती, ऑफिस होतं, घर होतं. राहिली.

शनिवारी वत्सलाबाईने केस धुतले. शिकेकाईचं पाणी माझ्यावर पसरलं. ती उठायला गेली. डावा पाय माझ्यावरून निसटला, तो मला कळला. इतकी वर्षं हजारदा धरलेला पाय, आणि मी नुसता बघत राहिलो. कडी आतून होती. योगेशला नवं दार फोडावं लागलं.

खुबा मोडला. ऑपरेशन झालं. शेजारच्या बायका म्हणाल्या, "दगड लाभला नाही." म्हणोत. पडली ती माझ्यावरूनच.

आता माझ्यावर प्लास्टिकची खुर्ची ठेवतात. तेजस्विनी सासूला धरून आणते, कोपराने पाणी बघते. फार मायेने घालते आंघोळ, खोटं कशाला बोलू? "आई, कढत नाही ना?"

"नाही गं."

आणि वत्सलाबाई डोळे मिटून घेते. अंग पुसून होईपर्यंत उघडत नाही.

एका रविवारी दुपारी योगेश छिन्नी घेऊन आला. दार लोटलं आणि माझ्यावर घाव घालू लागला. त्याला कुठे येतंय ते? छिन्नी घसरत होती. वेड्यावाकड्या चार खाचा पडल्या आणि माझा एक कोपराच उडाला. तो तिथेच भिंतीला टेकून बसला.

खाटेवरून हाक आली, "योगेश, काय ठोकतोयस रे?"

"काही नाही आई. नळ गळतोय."

चाळीस वर्षं तो आवाज तिने ऐकला होता. ती म्हणाली, "बरं. बोटं सांभाळ."

मित्रांनो, न्हाणीघर जरूर नवं करा. ओल काढा, नळ बदला, हव्या तशा टाइल्स लावा. पण मिस्त्रीला बोलावण्याआधी घरात ज्याचा पाय सगळ्यात थकलेला असेल, त्याला विचारा. त्याला गावाला धाडून काम उरकू नका. आणि काम झाल्यावर ती म्हातारी हसून म्हणाली, "छान झालंय," तर तेवढ्यावर जाऊ नका. खाली वाकून तिच्या पायांकडे बघा. बोटं आवळलेली दिसली, तर दिवाळीची वाट बघू नका.