स्विच कायम ‘दोन्ही’वर

“बाबा, बोट चालू होत नाही, की तुम्हाला ती चालू करता येत नाही?”

प्रश्न माझा नव्हे. ढापणी आणि लंबू या माझ्या मैत्रिणींनी पैज लावली होती, की हे मी बाबांना तोंडावर विचारूच शकणार नाही. दोघी धक्क्यावर पाय हलवत बसल्या होत्या. मी विचारलं, आणि ढापणीचा चष्मा नाकावरून घसरला.

बाबा बोटीत वाकून किल्ली फिरवत होते. इंजिन ‘टक्’ म्हणायचं आणि गप्प बसायचं.

“मग तूच कर की चालू, शहाणे!”

“करते. रविवारच्या आत.”

रविवार अशासाठी, की त्या दिवशी आईने बोट विकायला गिऱ्हाईक बोलावलं होतं. दर सुट्टीला नटूनथटून यायचं आणि धक्क्यावरच डबा खाऊन परत जायचं, याला ती विटली होती. मिस्त्रीकाका म्हणत, बॅटऱ्या बदला. पण त्या गेल्याच वर्षी बदललेल्या. आणि मला बोट जाऊ द्यायची नव्हती. सुकाणू धरायला मी तिच्यावरच शिकले होते!

शनिवारी शाळेच्या प्रयोगशाळेतला करंट मोजायचा मीटर घेऊन मी बोटीत उतरले. आत दोन बॅटऱ्या. थोरलीचं काम एकच, इंजिन सुरू करणं. दिवे, पंप, रेडिओ ही घरकामं धाकटीची. मध्ये गोल स्विच: एक, दोन, दोन्ही, बंद. तो कायम ‘दोन्ही’वर.

“एकीपेक्षा दोघी बऱ्या,” बाबा म्हणाले.

“अहो बाबा, धाकटी रिकामी होताना थोरलीलाही सोबत नेते. सुक्याबरोबर ओलंही जळतं.”

“पण बोट उभी असताना धाकटी रिकामी होईलच कशी? सगळं बंद असतं.” हे सांगताना ते आभाळाकडे का बघत होते, ते नंतर कळलं.

स्विच ‘दोन’वर, म्हणजे फक्त धाकटीवर करून मी तिची तार सोडली आणि मध्ये मीटर जोडला. सगळं बंद, तरी काटा वर! मग एकेक फ्यूज काढत गेले. दिव्यांचा काढला, काटा ढिम्म. रेडिओचा, तरी ढिम्म. ‘पंप’ लिहिलेला काढला, तर धपकन शून्यावर. पण पंप तर चालूच नव्हता! मी त्या वायरीचा माग काढला. ती बाकाखाली, ताडपत्रीमागे शिरली होती. तिथे एक पिटुकला फ्रिज. आत गोड सोड्याच्या अकरा बाटल्या. डॉक्टरांनी बाबांना बंद केलेल्या.

“हे कुणाचं?”

“मिस्त्रीचं असेल.”

“आणि ‘पंप’ हे तुमचं अक्षर?”

“हळू बोल. तुझ्या आईला कळू देऊ नकोस, माझी बाय.”

मी काही वचन दिलं नाही. दोन्ही बॅटऱ्या घरी नेऊन चार्ज केल्या.

रविवारी गिऱ्हाईक धक्क्यावर, आई त्याच्या शेजारी; ढापणी आणि लंबू बोटीत, मागच्या बाकावर. मी स्विच ‘एक’वर ठेवला, किल्ली फिरवली. पहिल्याच फटक्यात इंजिन धडधडलं!

“अगंबाई! मग इतके दिवस काय झालं होतं हिला?” आई म्हणाली. बाबांची नजर पुन्हा आभाळात. तेवढ्यात लंबूने खुशीत ढेकर दिला. आईने वळून बघितलं, तर दोघींच्या हातात सोड्याच्या बाटल्या.

“या कुठून आल्या?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी बाकावर उभी राहिले.

“आई, बाबा, माझं ठरलंय. बोट विकायची नाही. स्विच आजपासून माझ्या ताब्यात. आणि बाकाखालचा फ्रिज आईच्या.”